नोड एकाचा की अनेकांचा? : महासंगणकाच्या वाटणीची चिकित्सा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांपैकी एक पुण्याच्या वाट्याला आला. त्याच दिवशी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील 'अर्क' या महासंगणकाचेही लोकार्पण झाले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत दोन आकडे ठळकपणे आले: तीन 'रुद्र' यंत्रांचा खर्च १३० कोटी रुपये आणि 'अर्क'चा वेग ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. विद्यार्थ्यांना हे आकडे सांगताना आपल्यालाही अभिमान वाटतो आणि तो वाटावा असाच आहे.

पण भांडारात तांदूळ किती आहे यावरून पंगतीत कोणाच्या पानात किती पडले हे कळत नाही. महासंगणक एका माणसासाठी नसतो. शेकडो संशोधक आणि विद्यार्थी आपापली कामे त्याच्याकडे पाठवतात. ती कोणत्या नियमाने वाटली जातात, यावर त्या यंत्राचा खरा उपयोग ठरतो. हा नियम काही ओळींच्या एका फाइलीत लिहिलेला असतो. तिची चर्चा वृत्तपत्रांत होत नाही आणि वर्गातही होत नाही. म्हणून येथे त्या नियमाचीच चिकित्सा करायची आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. आजचा महासंगणक हा एक अजस्र संगणक नसून अनेक संगणकांचा जथा असतो. या जथ्याला क्लस्टर म्हणतात आणि त्यातील प्रत्येक संगणकाला नोड. १९९४ साली अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे प्रक्रियक जाळ्याने जोडून 'बेवुल्फ' हा क्लस्टर उभा केला, आणि ही कल्पना सर्वत्र पसरली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' मालिका आणि पुण्याच्या सी-डॅकने 'परम' मालिका याच समांतर वाटेने वाढवली.

पुण्याच्या आयसर या संस्थेतील 'परम ब्रह्म' याचा एक साधा नोड घेऊ. त्यात ४८ कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे ४८ कारागीर. त्यांच्यासाठी १९२ गिगाबाइट मेमरी सामाईक आहे, म्हणजे दर कोअरमागे ४ गिगाबाइट. आलेले काम कोणत्या नोडवर आणि कधी चालवायचे हे ठरवणाऱ्या आज्ञावलीला शेड्यूलर म्हणतात. 'परम' मालिकेतील अनेक यंत्रांवर आणि जगातील कितीतरी मोठ्या यंत्रांवर 'स्लर्म' नावाचा शेड्यूलर वापरतात. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो जन्मला. अँडी यू, मॉरिस जेटी व मार्क ग्रोंडोना यांनी २००३ साली त्याची रचना एका निबंधात मांडली. तो सर्वांना मोफत मिळतो, हजारो नोड सांभाळतो आणि त्याचा मजकूर कोणीही उघडून वाचू शकतो. हे त्याचे मोठे गुण आहेत, आणि पुढची टीका वाचताना ते विसरू नयेत.

स्लर्मची मूळ रीत अशी होती: एका कामाला अख्खा नोड द्यायचा. कामाला एकच कोअर लागत असला तरी ४८ कोअर त्याच्या नावावर, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याला प्रवेश नाही.

याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. अणुभट्टीत न्यूट्रॉन कसे भटकतात हे काढण्याची 'माँटे कार्लो' नावाची पद्धत आहे. तीत एकच गणित निरनिराळ्या यदृच्छ संख्या घेऊन पुन्हा पुन्हा करतात. प्रत्येक फेरी स्वतंत्र असते आणि तिला एक कोअर पुरतो. समजा, अशा ९६ फेऱ्या आहेत, प्रत्येकीला दोन तास लागतात आणि आपल्याला दोन नोड मिळाले आहेत. अख्खा नोड देण्याच्या रीतीने एका वेळी दोनच फेऱ्या चालतील. ९६ फेऱ्यांना ४८ पाळ्या, म्हणजे ९६ तास, म्हणजे पूर्ण चार दिवस. नोड वाटून दिले तर दोन्ही नोडांवर मिळून ९६ कोअर एकदम कामाला लागतील आणि सारे दोन तासांत संपेल. यंत्र तेच. चार दिवस लागतील की दोन तास, हे फक्त वाटणीचा नियम ठरवतो.

याहून वाईट गोष्ट अशी की, त्या चार दिवसांत देखरेखीच्या फलकावर दोन्ही नोड 'व्यग्र' दिसतात. अहवालात शंभर टक्के वापर म्हणून नोंद होते. प्रत्यक्षात नोडचा जेमतेम दोन टक्के भाग काम करीत असतो. पुण्यातच टाटांच्या संशोधन प्रयोगशाळेने उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला होता. त्याचा कागदावरचा कमाल वेग सुमारे १७० टेराफ्लॉप आणि चाचणीत मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप होता. म्हणजे महासंगणकाला दोन आकडे असतातच. मला हवा आहे तो तिसरा आकडा: वर्षभरात लोकांच्या कामांनी यंत्राचा किती भाग खरोखर वापरला? तो क्वचितच कोणी विचारतो.

मग अख्खा नोड देण्याची रीत घालणारे अडाणी होते काय? मुळीच नाही. दोन अनोळखी कामे एका नोडवर ठेवली आणि त्यांपैकी एकाने अंदाजापेक्षा जास्त मेमरी खाल्ली, तर नोडची मेमरी संपते. अशा वेळी लिनक्स ही कारभारप्रणाली स्वतःला वाचवण्यासाठी एखादे काम ठार करते. ते काम दोषी शेजाऱ्याचेच असेल असे नाही. तीन दिवस सुरळीत चाललेले निरपराध कामही बळी जाऊ शकते. त्या काळी दोन कामांमध्ये भक्कम भिंत घालण्याची सोयच नव्हती. कामांचे गट करून प्रत्येक गटाला कोअर व मेमरीची मर्यादा घालण्याची योजना गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी २००६ साली हाती घेतली. 'सीग्रुप' या नावाने ती जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. म्हणजे २००३ साली अख्खा नोड देणे हा शहाणपणा होता. आक्षेप आहे तो कारण संपल्यावरही रीत चालू ठेवण्याला. नव्या आवृत्त्यांनी आता कोअर मोजून देण्याची पद्धत मूळ रीत केली आहे. तरीही जुन्या फाइलीची नक्कल करून नवे यंत्र उभे करणारे आजही थोडे नाहीत.

आता नोड वाटून द्यायचा तर काय करावे लागते? तीन गोष्टी, आणि तिन्ही एकत्र.

पहिली, वाटणीचे माप. नोड मोजायचा नाही. कोअर आणि मेमरी या दोन्ही वेगवेगळ्या खर्चाच्या वस्तू म्हणून मोजायच्या. दुसरी, न सांगणाऱ्याचे माप. ज्याने किती मेमरी हवी हे लिहिलेच नाही, त्याला दर कोअरमागे किती द्यायची हे आधी ठरवून ठेवायचे. आपल्या नोडवर हे माप ४ गिगाबाइटच्या किंचित खाली असावे, कारण नोडच्या स्वतःच्या कारभारालाही थोडी मेमरी लागते. तिसरी, भिंत. सीग्रुपच्या साहाय्याने प्रत्येक काम आपल्या कोअरांत व आपल्या मेमरीत कोंडायचे. जो मर्यादा ओलांडेल त्याचेच काम थांबेल, शेजाऱ्याचे नाही.

येथेच स्लर्मवरचा माझा मुख्य आक्षेप येतो. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी लिहाव्या लागतात, आणि एखादी राहिली तर यंत्र तक्रार न करता भलतेच वागते. फक्त कोअर मोजायला सांगितले आणि मेमरी राहिली, तर मेमरीचा हिशेबच ठेवला जात नाही; ४८ कामे आत येतात आणि एकमेकांची मेमरी ओरबाडतात. मेमरी मोजायला सांगितली पण न सांगणाऱ्याचे माप ठरवले नाही, तर उलटा प्रकार होतो. ज्याने मेमरी लिहिली नाही त्याला नोडची सगळी मेमरी हवी आहे असे स्लर्म धरून चालतो. मग ४७ कोअर मोकळे असूनही दुसरे काम आत येऊ शकत नाही, कारण त्याच्यासाठी मेमरीच उरलेली नसते. व्यवस्थापकाला वाटते, आपण वाटणी सुरू केली. विद्यार्थ्याला वाटते, रांग फार मोठी आहे. दोघेही प्रामाणिक असतात आणि नोड रिकामा बसलेला असतो.

स्लर्मची बाजू अशी मांडता येईल की, न सांगणाऱ्याला जास्त देणे हे कमी देऊन त्याचे काम मारण्यापेक्षा बरे. एका कामाच्या दृष्टीने हे खरे आहे; रांगेतल्या इतर कामांच्या दृष्टीने नाही. मौनाचा अर्थ 'सगळे मला' असा लावणारा नियम सामाईक यंत्राला शोभत नाही, आणि निदान असा अर्थ लावला जात आहे हे त्याने ठळकपणे सांगावे तरी.

माप व भिंत नसलेल्या वाटणीचे काय होते हे पाहायला पालघर जिल्ह्यातील वाचकांना संगणकाकडे जाण्याचीही गरज नाही. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी एक सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले गेले. त्याची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर. प्रत्येक लहान कारखान्याने स्वतःचे पूर्ण केंद्र बांधण्यापेक्षा सर्वांनी एक वापरावे, ही कल्पना अगदी योग्य होती. पण २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने मच्छीमारांच्या वतीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्या प्रकरणातील तपासण्यांत केंद्राकडे क्षमतेपेक्षा जास्त सांडपाणी येत असल्याचे आणि बाहेर पडणारे पाणी मानकांत बसत नसल्याचे पुढे आले. कोणी किती सोडले हे प्रत्येकाच्या दाराशी मोजले नाही आणि जास्त सोडणाऱ्याला दाराशीच अडवले नाही, तर नियम पाळणाऱ्या कारखान्याचे पाणीही त्याच गढूळ प्रवाहात जाते आणि त्याची किंमत खाडीकाठचा कोळी मोजतो. केंद्र सामाईक असणे हा येथे दोष नव्हे. नोडवरही तेच: मेमरी न मोजता केलेली वाटणी निरपराध शेजाऱ्याला महाग पडते.

म्हणजे माप आणि भिंत असली की सगळेच वाटून द्यावे काय? नाही. याचेही उदाहरण तारापूरलाच आहे. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती करू लागले. त्यांच्या रचनेत काही यंत्रणा दोन्ही संचांना सामाईक होत्या. पुढे सुरक्षेचा फेरआढावा घेण्यात आला आणि २००५-०६ मध्ये संच बंद ठेवून सुधारणा झाल्या. बंद अणुभट्टी थंड ठेवणारी आणि वापरलेल्या इंधनाचा तलाव थंड ठेवणारी यंत्रणा तेव्हा संचवार वेगळी केली गेली. येथे सामाईकपणात बचत होती, पण एकाचा बिघाड दुसऱ्याकडे जाण्याची वाटही होती.

जपानमधील फुकुशिमा दाइइचीच्या मार्च २०११ मधील अपघातात दोन्ही बाजू एकाच आवारात दिसल्या. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीची धुरांडे-नळी जोडलेली होती. तीतून तिसरीतला हायड्रोजन चौथीच्या इमारतीत शिरला आणि तेथे स्फोट झाला. पाचवी व सहावी मात्र वाचल्या, कारण सहावीचा एक डिझेल जनित्रसंच शाबूत होता आणि त्याची वीज दोघींना पुरवता आली. म्हणून प्रश्न 'सामाईक की स्वतंत्र' एवढाच नसतो. त्या जोडणीतून काय वाहते आणि ते अडवता येते का, हे पाहावे लागते.

नोडवर हीच कसोटी लावू. कोअर आणि मेमरीची जागा मोजता येते व अडवताही येते, ती वाटावी. पण मेमरीकडून कोअरकडे माहिती नेणारा रस्ता, कोअरांची सामाईक उपस्मृती आणि जाळ्याचे दार या गोष्टींना साध्या मांडणीत भिंत घातलेली नसते. एका कामाने हा रस्ता भरून टाकला तर शेजारचे काम मरत नाही, पण मंदावते. एका नोडवर चालणाऱ्या छोट्या कामाला हे सोसवते. पण दहा नोडांवर पसरलेले ४८० कोअरांचे हवामानाचे गणित घ्या. त्यात प्रत्येक पावलाला सर्व नोडांनी एकमेकांसाठी थांबायचे असते. दहांपैकी एक नोड शेजाऱ्यामुळे २० टक्के मंदावला, तर उरलेले नऊ त्याची वाट पाहत बसतात. अशा कामाला अख्खे नोड देणेच योग्य.

तेव्हा चांगल्या यंत्रावर दोन रांगा असाव्यात: एका नोडपेक्षा लहान कामांसाठी वाटणीची, आणि अनेक नोडांच्या कामांसाठी अख्ख्या नोडांची. स्लर्ममध्ये हे सहज करता येते. एक मधला मार्गही आहे: नोड एका वेळी एकाच व्यक्तीला द्यायचा, पण तिची अनेक कामे त्यात शेजारी चालू द्यायची. जेथे माहितीची गुप्तता महत्त्वाची आहे तेथे हा मार्ग बरा, कारण एका नोडवर कोणाची कोणती कामे चालू आहेत हे शेजाऱ्याला सहसा दिसू शकते.

आता उरला न्यायाचा प्रश्न. एका कामाला ४ कोअर आणि १०० गिगाबाइट मेमरी हवी आहे. त्याच्या नावावर किती वापर मांडावा? कोअर मोजले तर नोडचा फक्त ८ टक्के. पण मेमरी ५२ टक्के गेली. उरलेल्या ९२ गिगाबाइटमध्ये ४ गिगाबाइटची २३ कामे बसतील आणि २१ कोअर रिकामे राहतील. म्हणून कोअर आणि मेमरी यांपैकी ज्याचा हिस्सा मोठा, तो हिस्सा नावावर मांडणे न्याय्य. या कामाला २५ कोअरांचा वापर लावावा. अली घोडसी व त्यांच्या बर्कली येथील सहकाऱ्यांनी २०११ साली प्रधान हिश्श्याच्या या न्यायाची सविस्तर मांडणी केली. स्लर्ममध्येही मोठा हिस्सा धरण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. ती सुरू नसेल तर मेमरीचा उधळा वापर फुकट पडतो, आणि 'हाताशी असू दे' म्हणून दुप्पट-चौपट मागण्याची सवय लागते. काम संपल्यावर प्रत्यक्ष किती मेमरी लागली हे शेड्यूलर नोंदवून ठेवतो. ती नोंद पाहून पुढची मागणी कमी करणे हा सामाईक यंत्र वापरण्याचा पहिला शिष्टाचार मानावा.

शेवटी आपल्या शिकवण्याविषयी. आपल्या पाठांत संगणक म्हणजे एक पेटी, एक माणूस, एक काम असेच चित्र असते. पण पालघर-बोईसरच्या महाविद्यालयातून पुढे संशोधनाकडे जाणारा विद्यार्थी ज्या यंत्रापाशी पोहोचेल ते दुसऱ्यांबरोबर वापरायचे यंत्र असेल. त्याचे काम बहुधा लहान असेल, एक-दोन कोअरांचे. अख्खा नोड देण्याच्या नियमाची सर्वांत जास्त झळ अशा लहान कामांनाच बसते. मोठ्या संस्थेचे ४८० कोअरांचे काम नोड भरूनच येते. त्याला या नियमाने काहीच फरक पडत नाही.

वर्गात यासाठी महासंगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर ६ गुणिले ८ अशा ४८ चौकटींचे दोन आराखडे काढा. एकातली प्रत्येक चौकट म्हणजे एक कोअर, दुसऱ्यातली ४ गिगाबाइट मेमरी. चिठ्ठ्यांवर कामे लिहा: एक कोअर व ४ गिगाबाइट, ४ कोअर व १०० गिगाबाइट, ४८ कोअर, आणि काही चिठ्ठ्यांवर मेमरी मुद्दाम लिहू नका. एका गटाला अख्खा नोड देण्याच्या नियमाने कामे बसवायला सांगा, दुसऱ्याला वाटणीच्या नियमाने. मेमरी न लिहिलेल्या चिठ्ठीचे काय करायचे यावर मुलांचा वाद होईल. तो होऊ द्या. व्यवस्थापकालाही हाच वाद मिटवावा लागतो. नियम मुलांनी स्वतः लिहावा, आणि तो कोणाला सोयीचा व कोणाला गैरसोयीचा झाला हे मोजून दाखवावे.

नव्या महासंगणकाची बातमी पुन्हा येईल तेव्हा पेटाफ्लॉप जरूर सांगा. त्याबरोबर मुलांना आणखी तीन गोष्टी विचारायला शिकवा. या यंत्रावर लहान कामाला नोडचा भाग मिळतो की अख्खा नोड? मेमरी मोजली जाते का? आणि वर्षाअखेर कोअरांचा खरा वापर किती झाला, हे प्रसिद्ध होते का?